काळ्या कापडाखालचं उलटं जग

आमच्या वाईच्या शाळेत दहावीच्या वर्गाचा ग्रुप फोटो जानेवारीत निघायचा. पटांगणात वडाच्या सावलीला बाकं मांडली जायची. मधे खुर्च्यांवर शिक्षक, पुढे सतरंजीवर मुली, मागे बाकांवर उभी मुलं. समोर लाकडी तिपाईवर फोटोग्राफरकाकांची ती पेटी. पेटीला पुढे एक डोळा, मधे हार्मोनियमसारखा भाता आणि मागे काळं कापड. काका त्या कापडात डोकं खुपसायचे आणि आतून ओरडायचे, ‘‘शेवटच्या ओळीतला उंच मुलगा, जरा डावीकडे हो!’’ डावीकडे म्हणजे नेमकं कुणाच्या डावीकडे, यावर दर वर्षी गोंधळ व्हायचा. काकांना आतमध्ये आम्ही सगळे उलटे, डोकं खाली पाय वर असे दिसतो, हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं?

१९८७ साली आमच्या वर्गाची पाळी आली. काकांनी रबरी फुगा दाबला आणि नेमकी त्याच क्षणी मी डोळे मिटले. पहिल्या ओळीत डावीकडून चौथी, झोपल्यासारखी दिसणारी मुलगी ती मी. घरातले सगळे या फोटोला अजून हसतात. पण तो मी जपून ठेवला आहे तो वेगळ्या कारणासाठी. त्याच्यावर भिंग धरलं, तर शेवटच्या ओळीतल्या मुलाच्या शर्टाच्या बटणाची भोकं मोजता येतात. आमच्या लग्नाच्या अल्बममधल्या एकाही फोटोत ती मोजता येणार नाहीत.

ती पेटी म्हणजे जुन्या जमान्याची शेवटची खूण, असंच मला तेव्हा वाटलं होतं. पुढे मुंबईत उपयोजित कलेचं शिक्षण घेतलं आणि १९९३ साली लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, एका जाहिरात-फोटोग्राफरच्या गाळ्यात असिस्टंट म्हणून लागले. पहिल्याच दिवशी पाहते तो काय, स्टुडिओच्या मधोमध तीच पेटी! लाकूड जाऊन धातू आला होता, बाजूला बारीक आकडे कोरलेल्या पट्ट्या होत्या. पण भाता तोच आणि काळं कापडही तेच. आमचे सर त्यात डोकं घालून उभे होते आणि समोर टेबलावर तेलाची एक बाटली होती.

‘‘ये, बघ,’’ ते म्हणाले.

मी कापडाखाली शिरले. आधी काहीच दिसेना. मग डोळे सरावले, आणि समोरच्या दुधी काचेवर ती बाटली उमटली. उलटी टांगलेली, पण इतकी जिवंत, की झाकणावरच्या रेघांत अडकलेला धुळीचा कण दिसत होता. बाहेर आले तेव्हा सरांनी विचारलं, ‘‘काय दिसलं?’’ मी म्हटलं, ‘‘बाटली उलटी आहे.’’ ते म्हणाले, ‘‘धूळ दिसली नाही? मग पूस ती.’’

पुढची अकरा वर्षं मी त्या कापडाखाली काढली.

पोस्टकार्डाएवढी फिल्म

या यंत्राला व्ह्यू कॅमेरा म्हणतात. त्याची रचना इतकी साधी आहे, की एखाद्या हुशार सुतारानं पाहून बनवावी. पुढच्या चौकटीत लेन्स, मागच्या चौकटीत दुधी काच, आणि दोन्हींच्या मधे प्रकाश शिरू नये म्हणून भाता. लेन्समधून आलेलं चित्र थेट काचेवर पडतं. ते सरळ करायला आत आरसा नाही की प्रिझम नाही, म्हणून ते उलटं. (आपल्या डोळ्यांच्या पडद्यावरही चित्र उलटंच पडतं. मेंदू बिचारा ते आपल्यासाठी सरळ करून घेतो.) सगळं मनासारखं जुळलं, की काचेच्या जागी फिल्मचा होल्डर सरकवायचा आणि एक, फक्त एक फोटो काढायचा.

फिल्म रिळाची नसते, सुट्या पानांची असते. तिचं नेहमीचं माप चार बाय पाच इंच, म्हणजे साधारण आपल्या पोस्टकार्डाएवढं. घरगुती कॅमेऱ्यातल्या रिळावरची एक चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची असे. तिच्यापेक्षा हे पान तेरा-चौदा पट मोठं. चार फूट उंचीचं पोस्टर करायचं म्हटलं, तर छोट्या फिल्मवरचं चित्र पन्नास पट फुगवावं लागे आणि या पानावरचं बारा पट. फुगा जितका कमी फुगवावा तितकी त्यावरची नक्षी कमी ताणली जाते. त्यामुळे कॅलेंडरावरच्या पैठणीचा जरीकाठ, बिस्किटाच्या पुड्यावरचे साखरेचे दाणे, घड्याळाच्या तबकडीवरचे बारीक आकडे ही सगळी कामं या पेटीकडे यायची. तुमच्या घरात त्या काळातलं एखादं जुनं कॅलेंडर किंवा बँकेचं माहितीपत्रक पडून असेल, तर त्यातलं एखादं चित्र तरी अशा काचेवर आधी उलटं उमटलेलं असण्याचा संभव बराच आहे.

आपल्याकडे ही परंपरा काही कालची नाही. हैदराबादच्या निजामाचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) यांचं काम अशाच मोठ्या कॅमेऱ्यांतल्या काचेच्या प्लेटांवर उभं आहे. १८९६ साली त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला होता. केरळात आलप्पुळ्याच्या के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात लाकूड-पितळेचा ‘वागीश्वरी’ कॅमेरा बनवायला घेतला आणि तो देशभरच्या स्टुडिओंत पोचला. स्वातंत्र्यानंतर कारखाने उभे राहू लागले तेव्हा त्यांचे फोटो काढणं हाच एक स्वतंत्र व्यवसाय होऊ शकतो, हे मुंबईच्या मित्तर बेदी (१९२६-१९८५) यांनी दाखवून दिलं. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये कार्ल कोख यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ‘सिनार’ हा सुट्या भागांचा, हवा तसा जोडता येणारा कॅमेरा काढला. तो आणि म्युनिकचा ‘लिनहॉफ’ ही दोन नावं आमच्या धंद्यात सोन्याच्या दुकानातल्या तराजूच्या अदबीनं घेतली जायची. आमच्या सरांचा लिनहॉफ होता, सेकंडहँड.

वाकवता येणारा कॅमेरा

पण मोठी फिल्म हे या कॅमेऱ्याचं अर्धंच भांडवल. उरलेलं अर्धं त्याच्या भात्यात आहे. भाता लवचीक असल्यामुळे पुढची चौकट आणि मागची चौकट एकमेकींपासून स्वतंत्र हलतात. वर-खाली सरकतात, डावी-उजवीकडे जातात, पुढे-मागे कलतात, दारासारख्या फिरतात. इतर कॅमेऱ्यांत लेन्स आणि फिल्म यांचं लग्न कारखान्यातच लागलेलं असतं. इथे दोघांना रोज नव्यानं जुळवून घ्यावं लागतं.

याचा उपयोग काय? मुंबईत फोर्टमध्ये रस्त्यावर उभं राहून राजाबाई टॉवरचा फोटो काढून पाहा. एवढा उंच मनोरा चौकटीत मावत नाही, म्हणून आपण कॅमेरा वर करतो. फोटोत मनोरा मागे रेलतो, वर निमुळता होतो. दोष मनोऱ्याचा नाही. कॅमेरा वर करताना आपण आतली फिल्मही तिरकी केली. मनोरा उभा, फिल्म कललेली, त्यामुळे समांतर रेषा एकमेकींकडे झुकल्या. व्ह्यू कॅमेऱ्यात मागची चौकट ओळंब्यात उभी ठेवायची आणि नुसती लेन्स वर सरकवायची. मनोरा खाली उतरून काचेत येतो आणि भिंती सरळच राहतात.

हे जमतं कारण या लेन्स फिल्मपेक्षा बरंच मोठं वर्तुळ टाकतात. मोठ्या भाकरीवर पोस्टकार्ड ठेवावं आणि हवा त्या जागचा तुकडा कापून घ्यावा, तसं. भाकरी पुरेशी मोठी नसेल, तर पोस्टकार्डाचा कोपरा बाहेर जातो आणि फोटोचा कोपरा काळा पडतो. नव्या असिस्टंटची पहिली बोलणी बहुधा याच कोपऱ्यावरून खाल्लेली असतात.

दुसरी करामत केळीच्या पानाची. सणाच्या जेवणाचं पान टेबलावर मांडलं आहे, आणि आपल्याकडच्या कडेपासून पलीकडच्या टोकापर्यंत सगळं स्पष्ट हवं आहे. साध्या कॅमेऱ्यात स्पष्टतेचा पडदा भिंतीसारखा उभा असतो. वरणभात स्पष्ट केला तर पलीकडची पुरणपोळी धूसर, पुरणपोळी धरली तर अलीकडचा भात गेला. व्ह्यू कॅमेऱ्यात लेन्स थोडी पुढे कलवली, की तो उभा पडदा आडवा होतो आणि पानावर चादरीसारखा पसरतो. एकाच बिजागरीला तीन फळ्या जोडल्या आहेत असं समजा. एक फळी फिल्मची, दुसरी लेन्सची, तिसरी केळीच्या पानाची. तिन्ही वाढवल्यावर एकाच रेषेत मिळाल्या, की अख्खं पान स्पष्ट. हा नियम ऑस्ट्रियन सैन्यातले कॅप्टन थिओडोर शाइम्पफ्लूग यांच्या नावानं ओळखला जातो. १९०४ साली त्यांनी त्यावर पेटंट घेतलं. त्यांच्याआधी, १९०१ मध्ये, फ्रान्सच्या ज्यूल कार्पान्तिए यांनीही तो मांडला होता. शाइम्पफ्लूग यांना जेवणाच्या पानाशी कर्तव्य नव्हतं. हवेतून काढलेले तिरके फोटो सरळ करून त्यांवरून नकाशे बनवणं, हे त्यांचं काम होतं. आमच्या धंद्याला हे गणित आयतं मिळालं.

अर्थात गणित एकीकडे आणि पान एकीकडे. पानावर पाण्याचा उंच पेला ठेवला, की त्याचा काठ त्या चादरीच्या वर डोकं काढतो आणि धूसर होतो. मग लेन्स थोडी कमी कलवायची, छिद्र आणखी बारीक करायचं, प्रकाश वाढवायचा. तोवर भातावरचं तूप थिजतं, मग भात नवा. एका पानाच्या फोटोला सकाळचे नऊ ते संध्याकाळचे सात लागलेले मी पाहिले आहेत.

आधी सही, मग फोटो

आता कुणी म्हणेल, एका फोटोला दहा तास म्हणजे अतिच झालं. पण त्या दहा तासांत काय चालायचं ते सांगते. एजन्सीकडून आलेलं जाहिरातीचं रेखाटन पारदर्शक कागदावर गिरवून तो कागद दुधी काचेवर चिकटवला जायचा. मथळा इथे, मजकूर इथे, वस्तू इथे. वस्तू त्या रेषांत बसेपर्यंत कॅमेरा सूत-सूत हलायचा. घड्याळासारखी लहान वस्तू मूळ आकाराएवढी टिपायची तर भाता दुप्पट ताणावा लागे आणि फिल्मवर पोचणारा प्रकाश चौथाईवर येई. ती तूट भरायला स्टुडिओत काळोख करून, शटर उघडं ठेवून, फ्लॅश पुन्हा पुन्हा मारायचा. सर मोजायचे, मी बटण दाबायची. मधे कुणी जमिनीवर पाय आपटला तरी सगळं मुसळ केरात.

त्याआधी पोलरॉइड. फिल्मच्या जागी झटपट फोटोचा कागद सरकवायचा, फोटो काढायचा, मिनिटभर थांबून वरचा पापुद्रा सोलायचा. तो ओला फोटो टेबलावर ठेवला, की सगळे त्याच्याभोवती जमायचे. आर्ट डायरेक्टर, एजन्सीचा माणूस, कंपनीचे मार्केटिंगवाले साहेब. मग एकेक जण कापडाखाली जाऊन काच पाहून यायचा. सफारी सूटातले साहेब आत शिरून मान वाकडी करायला लागले, की सर बाहेरून सांगायचे, ‘‘मान वळवू नका साहेब. बघत राहा, आपोआप सरळ होतं.’’ आणि खरंच व्हायचं. वस्तू उलटी असली, की ती बाटली आहे हे माणूस थोडा वेळ विसरतो. मग जड बाजू कुठली, मोकळी जागा कुठे, डोळ्याला काय खुपतं, हे दिसायला लागतं.

सगळ्यांचं एकमत झालं, की साहेब त्या पोलरॉइडच्या मागे सही करायचे. सही आधी, फोटो नंतर. या क्रमाचं महत्त्व मला फार उशिरा कळलं.

या पद्धतीनं काय साधतं, याचा जगप्रसिद्ध दाखला अमेरिकेतला आहे. १९६० साली ज्युलियस शुलमन यांनी लॉस एंजेलिसच्या टेकडीवरचं, वास्तुविशारद पिएर कोनिग यांचं काचेचं घर टिपलं. अधांतरी आल्यासारखी दिसणारी काचेची खोली, आत गप्पा मारत बसलेल्या दोन तरुणी आणि त्यांच्या पायांखाली क्षितिजापर्यंत पसरलेले शहराचे दिवे. फोटो पाहताना सगळं एका क्षणात घडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते एकाच फिल्मवर दोनदा टिपलेलं आहे. आधी घरातले दिवे मालवून, कॅमेऱ्याचं शटर सुमारे सात मिनिटं उघडं ठेवून शहराचे दिवे घेतले. तोवर त्या दोघी अंधारात बसून होत्या. मग फ्लॅश उडवून घर आणि त्या दोघी. फोटो कसा दिसणार, हे शटर उघडण्याआधी शुलमन यांच्या डोक्यात पुरतं ठरलेलं होतं. नाहीतर सात मिनिटं अंधारात बसा, असं कुणाला सांगायचं कशाच्या बळावर?

चार होल्डर

आता माझी गोष्ट. पाव्हण्यांसमोर मी ती सांगत नाही, पण ती वगळून हा लेख लिहिला, तर तो अर्धा खोटा होईल.

१९९५ च्या पावसाळ्यात पुण्याजवळच्या एका कारखान्यात काम होतं. परदेशातल्या प्रदर्शनाला निघालेलं एक यंत्र, खोलीएवढं. रंग देऊन, पुसून चकचकीत उभं केलेलं. फोटो झाला की दोन दिवसांनी त्याचे भाग सुटे होऊन खोक्यांत जाणार होते. आम्ही दिवसभर राबलो. पोलरॉइड सुरेख आलं, सही झाली, आठ शीट टिपल्या आणि रात्री मुंबईला परतलो.

शीट फिल्म होल्डरमध्ये भरायची ती मिट्ट काळोखात. लाल दिवासुद्धा चालत नाही. फिल्मच्या एका कोपऱ्याला बारीक खाचा असतात. पान उभं धरून त्या खाचा वर उजव्या कोपऱ्यात बोटाला लागल्या, की प्रकाशाला संवेदनशील बाजू आपल्याकडे आहे असं समजायचं. एवढं एकच लक्षात ठेवायचं असतं. निघायच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत जागून चारही होल्डर, आठही शीट मीच भरल्या होत्या. सगळ्या उलट्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबमधून पहिली शीट आली ती काळोखी, लालसर. जळक्या कौलासारखी. सरांनी ती दिव्याच्या टेबलावर ठेवली, बघितली आणि उरलेल्या होल्डरांतला एक घेऊन डार्करूममध्ये गेले. बाहेर आले तेव्हा काही बोलले नाहीत. मला कळलं.

त्यांनी कारखान्यात ट्रंककॉल लावावा तसा मोठ्या आवाजात एसटीडी लावला. ‘‘फिल्ममध्ये माझ्याकडून चूक झाली आहे. यंत्र सोडवू नका. आम्ही आज रात्री येतो. खर्च आमचा.’’ पलीकडून बरंच काही ऐकवलं गेलं असणार. सर ‘‘हो, हो, बरोबर आहे’’ एवढंच म्हणत होते. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

तेव्हा एक्स्प्रेस वे नव्हता. भाड्याच्या मॅटाडोरमधून पावसात खंडाळ्याचा घाट चढलो. खोपोलीला चहा घेतला. कुणी कुणाशी बोललं नाही. ही नोकरी उद्या राहत नाही, हे मी मनाशी धरलंच होतं. कारखान्यात पोचल्यावर सरांनी फिल्मचा डबा आणि रिकामे होल्डर माझ्या हातात दिले आणि स्टोअरची एक अंधारी खोली दाखवली.

‘‘सर, तुम्हीच भरा,’’ मी म्हटलं.

‘‘दोन तू भर, दोन मी भरतो,’’ ते म्हणाले. ‘‘इतकी वर्षं हे मला सुचायला हवं होतं.’’

त्या काळोखात मी एकेका शीटच्या खाचेवरून पाच-पाच वेळा बोट फिरवलं. पहाटे चारला काम संपलं. सकाळी सातला माणसं पाने घेऊन यंत्र सोडवायला आली. त्या दिवसापासून आमच्या स्टुडिओत एका कामाचे सगळे होल्डर एका माणसानं कधी भरले नाहीत.

सरांनी मला माफ केलं, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. आता वाटतं, माफीचा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता. काम त्यांच्या सहीचं होतं, म्हणून चूक त्यांची होती. फोटो एकच आणि त्याच्यामागे माणूस एकच, हा हिशेब त्यांना त्या कॅमेऱ्यानंच शिकवला असावा.

खोली वाढवणं गवंड्याचं काम

पण हा कॅमेरा म्हणजे सत्यवचनी हरिश्चंद्र, असं कुणी समजू नये. जे यंत्र रेषा सरळ करतं, ते त्या ताणूही शकतं. आमचे सरही काही संत नव्हते. वाटीतल्या दुधाच्या जागी पांढरा गोंद आणि सरबतात अॅक्रिलिकचा बर्फ आम्हीही घालत होतो. दिव्यांच्या उष्णतेत खरा बर्फ टिकणार किती?

एकदा एका बिल्डरच्या नमुना-फ्लॅटचं काम आलं. खोली लहानखुरी. पलंग तिच्यात मोठा दिसावा... चुकले, पलंगापुढे खोली मोठी दिसावी म्हणून पलंगच कमी मापाचा करवून घेतला होता. त्यांना हवी होती सगळ्यात रुंद लेन्स. तिच्यानं पुढची फरशी लांबवर पसरते आणि पलीकडची भिंत दूर पळते. व्ह्यू कॅमेऱ्यावर हे आणखी फसवं होतं, कारण भिंती ओळंब्यात सरळ राहतात आणि पाहणाऱ्याला शंकाही येत नाही. सरांनी पलंगाकडे पाहिलं, नेहमीची लेन्स लावली आणि म्हणाले, ‘‘उभ्या रेषा सरळ करणं माझं काम. खोली वाढवणं गवंड्याचं.’’ ते काम दुसऱ्या स्टुडिओकडे गेलं. माहितीपत्रक छापून आलं तेव्हा त्यात ती खोली दिवाणखान्यासारखी दिसत होती.

दुधाच्या वाटीतला गोंद आणि खोलीतला छोटा पलंग यांत फरक काय, असं मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, ‘‘वाटी बघून कुणी कर्ज काढत नाही.’’

कापड घडी घातलं

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. डिजिटल आलं. आधी आमच्या व्ह्यू कॅमेऱ्याच्याच पाठीवर बसलं. फिल्मच्या जागी ओळीओळीनं चित्र वाचणारी स्कॅनिंग बॅक आली. ती मिनिटं-मिनिटं घ्यायची, त्यामुळे घड्याळ, दागिने, चित्रं अशा न हलणाऱ्या वस्तूंनाच ती चाले. मग लहान कॅमेरे सुधारले. कलणाऱ्या-सरकणाऱ्या लेन्स त्यांनाही मिळाल्या. मनोऱ्याच्या भिंती संगणकावर सरळ होऊ लागल्या, आणि केळीच्या पानाचे वीस फोटो वेगवेगळ्या जागी स्पष्ट करून त्यांचा एक सांधता येऊ लागला. २००१ मध्ये पोलरॉइड कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. २००८ मध्ये तिनं झटपट फिल्म बंद करत असल्याचं सांगितलं. सह्या करायचे ते कागदच संपले. २०१३ मध्ये सिनार कंपनी लायकाकडे गेली.

या बदलाला नावं ठेवणं मला जमणार नाही. आज इमारतींचं आणि वस्तूंचं अव्वल काम करणारे लोक याच जातीचे छोटे तांत्रिक कॅमेरे वापरतात, मागे पंधरा कोटी पिक्सेलची डिजिटल बॅक लावून. त्यांचं काम पाहून सरांचा लिनहॉफही खजील व्हावा. रसायनांचे वास गेले, फिल्मचा खर्च गेला, उलट्या भरलेल्या शीटची धास्ती गेली. ही शेवटची धास्ती गेल्याचा आनंद माझ्याइतका कुणाला झाला नसेल.

गेलं ते एवढंच, की सही आता शेवटी होते. २००४ साली मी स्वतःचं काम सुरू केलं, आणि हळूहळू क्रम फिरला. आधी फोटो काढा, मग बघू. बाटली थोडी डावीकडे घेता येईल का, नंतर. आकाश बदलता येईल का, नंतर. एका मसाल्याच्या पुड्याच्या फोटोत मी तेवीस दुरुस्त्या केल्या आहेत, आणि तेविसावीनंतर ‘पहिलाच बरा होता’ असं उत्तर आलं. कुणी वाईट नव्हतं त्यात. एका जागी उभं राहून, एकाच काचेकडे पाहून, ‘हेच’ असं म्हणायची वेळच कुणावर आली नव्हती. आणि चूक झालीच, तर ती फोन उचलून कुणी कबूल करायची, हेही त्या तेवीस जणांच्या निरोपांत कुठे तरी हरवतं.

सरांनी २०११ मध्ये गाळा सोडला. लिनहॉफला गिऱ्हाईक मिळेना. ‘‘तू घेऊन जा,’’ म्हणाले. बरोबर काळं कापडही दिलं, धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेलं.

२०२२ मध्ये आमच्या दहावीला पस्तीस वर्षं झाली. वर्ग वाईला जमला. मी लिनहॉफ घेऊन गेले. इल्फर्डच्या कृष्णधवल शीट अजून मिळतात. होल्डर दोन नेले. एक मी भरला, दुसरा भाच्याला भरायला लावला. सत्तेचाळीसपैकी एकतीस जण आले होते. वडाखाली बाकं मांडली, पूर्वीच्या जागी सगळ्यांना बसवलं. सगळे हातात मोबाइल धरून बडबडत होते. मी कापडाखाली गेले आणि बाहेर हळूहळू शांतता झाली. काचेवर सगळा वर्ग उलटा टांगलेला. टक्कल, चष्मे, मधे मधे रिकाम्या जागा. मी आतून ओरडले, ‘‘शेवटच्या ओळीतला उंच मुलगा, जरा डावीकडे!’’ तो पन्नाशीचा गृहस्थ उजवीकडे सरकला.

पहिल्या ओळीत डावीकडून चौथी जागा मैत्रिणींनी माझ्यासाठी राखून ठेवली होती. भाच्याच्या हातात शटरची तार दिली, ‘तीन म्हटलं की दाब’ असं बजावलं आणि जाऊन बसले. दोन होल्डर, दोन शीट.

घरी आल्यावर रात्री न्हाणीघरात त्या धुतल्या आणि दोरीवर वाळत घातल्या. दोन्ही सुरेख आल्या आहेत, बटणांची भोकं मोजता येतात. आणि दोन्हींत माझे डोळे मिटलेले आहेत.